मोरिओका: राक्षस गेला त्याचा नाच

हा काइउनबाशी पूल. जपानच्या उत्तर भागातल्या मोरिओका शहराच्या स्टेशनातून बाहेर पडलं की चालत काही मिनिटांत इथे येतो आपण, खाली कीताकामी नदी, आणि हवा स्वच्छ असेल तर मागे इवाते डोंगर दिसतो, 2038 मीटर उंच. आज तो ढगात बसलाय, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवा. या पुलाला इथले लोक ‘दोनदा रडायचा पूल’ म्हणतात. बदली होऊन आलेला माणूस इथे पहिल्यांदा रडतो, अरे कुठे येऊन पडलो म्हणून, आणि पुढे परत बदली झाली की गाव सोडवत नाही म्हणून पुन्हा इथेच रडतो. आता टोकियोहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांत येता येतं, पण नाव काही पुसलं गेलेलं नाही.

आपण आलोय सान्सा ओदोरीसाठी, म्हणजे ढोल घेऊन नाचत निघणाऱ्या इथल्या मिरवणुकीच्या उत्सवासाठी. दरवर्षी 1 ते 4 ऑगस्ट, संध्याकाळी. म्हणजे अख्खा दिवस हातात आहे आणि ऊन असं की टोपी घातली तरी डोकं तापतंय, तर चला, चालूया.

ज्या रस्त्यावरून संध्याकाळी मिरवणूक निघणार तो हा चूओ-दोरी. इथे कोर्टासमोर एक चेरीचं झाड आहे, साडेतीनशे वर्षांहून जुनं असेल म्हणतात, आणि ते उगवलंय एका प्रचंड ग्रॅनाइटच्या भेगेतून. ऑगस्टात फुलं नाहीत, नुसती हिरवी पानं, त्यामुळे गर्दीही नाही, मस्त सावलीत उभं राहायचं.

तिथून मित्सुइशी देवळाकडे. देऊळ छोटंसंच, पण मागे तीन अवाढव्य शिळा, जाड दोरखंड गुंडाळलेल्या. गोष्ट अशी की रासेत्सु नावाचा एक दैत्य इथल्या लोकांना छळायचा, लोकांनी देवाला साकडं घातलं, देवाने त्याला या शिळांना बांधून ठेवलं, आणि दैत्य म्हणाला सोडा मला, परत येणार नाही. मग वचन म्हणून दगडावर हाताचा ठसा दिला. इवाते म्हणजेच दगड आणि हात, अख्ख्या जिल्ह्याचं नाव त्यावरून पडलं. आणि हा रासेत्सु कोण माहितीये? आपलाच राक्षस! संस्कृतातला शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे इथवर आला. ठसा मात्र मला काही दिसला नाही, शेवाळात बराच वेळ डोळे ताणून पाहिलं. तर तो दैत्य गेला त्या आनंदात लोक शिळांभोवती नाचले, तोच सान्सा.

दुपारी ज्याज्यामेन. जाड नूडल्स, वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, काळपट मसाला, काकडी. थोडं उरवायचं, त्यात कच्चं अंडं फोडायचं आणि वाटी काउंटरवर पुढे करायची, ते नूडल्सचं गरम पाणी ओततात, झालं सूप. शाकाहारी मंडळींनी आधी विचारा, मिसोत खिमा असतो.

आणि आता सहा वाजले.

माझ्यासमोर एक दहाएक वर्षांची मुलगी उभी आहे, तिची आई ढोलाचं कापड खांद्यावरून घेऊन पाठीशी गाठ मारतेय, एकदा सोडली, परत मारली, मधे छोटा टॉवेल कोंबला. हे बघून मला हसूच आलं, पुण्यात पथकात असताना आम्ही ढोल बांधताना कमरेला हेच करायचो, तरी वळ उठायचेच. फरक असा की आपल्याकडे एका बाजूला टिपरू आणि दुसरीकडे हाताची थापी, इथे दोन्ही हातांत काठ्या. आणि आपण ढोल वाजवत चालतो, हे लोक ढोल घेऊन नाचतात. गुडघा वर, अंग तिरकं, ढोलासकट गिरकी, आणि ठोका चुकत नाही. ऐकण्याआधी यांचे पाय बघा. मागून बासऱ्या, कमरेला पाच रंगांच्या फिती, आणि आरोळी, “साक्कोरा चोइवा यास्से!” साक्कोरा लिहिताना जी अक्षरं वापरतात त्यांचा अर्थ सुख, बोलावणं, येणं.

पूर्वी गावागावाचा सान्सा वेगळा होता. 1978 पासून शहराचा हा एकत्र उत्सव भरतो, आणि सगळ्यांना बरोबर वाजवता यावं म्हणून एक सामायिक सान्साही बसवलाय. 2014 मध्ये इथे 3437 ढोल एकाच वेळी वाजले, जागतिक विक्रम झाला. भारी आहेच, छातीत घुमतं. पण खरं सांगू, बँका, कॉलेजं, कंपन्या असे शिस्तीतले गट गेल्यावर मधेच एखादं गावाकडचं जुनं मंडळ येतं, पंचवीस-तीस माणसं, ताल जरा वेगळाच, एखादे आजोबा वाकून जवळजवळ जमिनीला टेकतात आणि ढोल फिरवत वर येतात... माझा कॅमेरा तिथेच अडकला.

मिरवणूक संपली की गोल धरतात, त्यात कुणीही शिरावं. मी शिरले. तीन पावलांत उलट्या दिशेला निघाले, तेव्हा शेजारच्या आजींनी माझी बाही धरून मला वळवलं, आणि पुढच्या फेरीला परत वळवलं. हे फूटेज हललेलं आहे, माफ करा, फोन तेव्हा खिशात होता.