प्रशासक बरा वाटतो तेव्हा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निवडणुका उरकल्यावर निवडणुकांवर बोलायला बोलावलंत, याबद्दल संयोजकांचे आभार. आधी बोलावलं असतं तर कुणाला मत द्या ते सांगावं लागलं असतं, आणि माझ्यासारख्या उदारमतवाद्याचा सल्ला घेऊन कुणी निवडून आल्याचं मला तरी माहीत नाही. या शहरात आमचा आवाज आमच्या मतांपेक्षा कायमच मोठा राहिला. वर्तमानपत्रातली पत्रं आमची, व्याख्यानमालांची श्रोतेमंडळी आमची. मतपेटीत मात्र आम्ही सापडत नाही.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. कोण जिंकलं, का जिंकलं यावर वाहिन्यांनी पुरेसं दळण दळलंय. त्या दिवशी मार्करची शाई पुसली जाते की नाही यावरच केवढा गोंधळ झाला! मला त्याआधीच्या काळाबद्दल बोलायचंय. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई यांची तर २०२० मध्येच. म्हणजे आपण जवळपास चार वर्षं, आणि काही शहरं त्याहून बरीच जास्त, एकाही निवडून आलेल्या नगरसेवकाशिवाय राहिलो.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं हे होऊ नये याची सोय केली होती. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. अहमदाबादच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं होतं. मग हे घडलं कसं? आधी कोरोना आला. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आला. मार्च २०२१ च्या निकालानं तिहेरी कसोटी घातली: आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. प्रश्न खराच होता आणि त्याचं उत्तर शोधायलाच हवं होतं. पण त्याच्या जोडीला प्रभागरचनेचा खेळ सुरू झाला. महाविकास आघाडीनं मुंबईत २२७ चे २३६ वॉर्ड केले, शिंदे सरकारनं ते परत २२७ वर आणले. आघाडीनं आमच्याकडे, पुण्यात, तीन सदस्यांचा प्रभाग आणला, नव्या सरकारनं चारचा केला. प्रत्येक बदलाबरोबर नवी याचिका, नवी तारीख. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. यात एकच खलनायक शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. सत्तेत जो होता त्याला घाई नव्हती, विरोधात जो होता त्यालाही फारशी नव्हती.

या काळात कारभार कसा चालला ते बघा. आयुक्त हाच प्रशासक. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतो, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, धोरणाचा विषय मुख्य सभेत जातो. प्रशासकाच्या राज्यात हे तिन्ही अधिकार एकाच खुर्चीत. प्रस्ताव ज्याच्या सहीनं निघतो, त्याच्याच सहीनं मंजूर होतो. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. देशातल्या काही राज्यांचं इतकं नसतं. त्यावर सभागृहात एका नगरसेवकानं एक कपातसूचनासुद्धा मांडली नाही, कारण मांडायला नगरसेवकच नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्या काळात माझ्या ओळखीची, सुशिक्षित, घटनेचा सरनामा पाठ असलेली माणसं मला काय सांगत होती? ‘प्रशासक बरा हो. निदान खाणारी तोंडं कमी झाली.’ दिल्लीत लोकशाही धोक्यात आली म्हणून रात्र रात्र झोप न लागणारी ही माणसं. आपल्या शहराचं सभागृह कुलूपबंद आहे याचा त्यांना त्रास होत नव्हता, उलट थोडं हायसंच वाटत होतं. मला या मंडळींचा राग येतो, आणि तो सत्ताधाऱ्यांच्या रागापेक्षा जास्त आहे. सत्ताधारी त्यांच्या स्वभावाला धरून वागले. आपण आपल्या तत्त्वाला धरून वागलो नाही. प्रामाणिक अधिकारी निवडून आलेल्या भ्रष्ट माणसापेक्षा चांगला, हे एकदा मान्य केलं की मग दिल्लीतल्या कणखर नेत्याबद्दल तक्रार करायला तोंड उरत नाही. युक्तिवाद तोच आहे, फक्त आकार लहान.

नगरसेवकाची बाजू घेणं आपल्यात शिष्टसंमत नाही, तरी घेतो. फ्लेक्सवर ‘भाऊ’, ‘दादा’ म्हणून हसणारा तो माणूस मला आवडतो असं नाही. पण रात्री बाराला ड्रेनेज तुंबलं तर फोन त्यालाच जातो. मयतीला तो येतो, स्मशानात पास मिळवून देतो, दाखला काढून देतो. तुम्ही म्हणाल, ही कामं त्याची नव्हेतच. बरोबर. पण ज्याच्याकडे वशिला नाही, इंग्रजीत ईमेल लिहिता येत नाही, त्याच्यासाठी सरकार नावाची वस्तू म्हणजे तोच माणूस. प्रशासकाच्या काळात त्याच्या जागी ॲप आलं. तक्रार टाकायची, क्रमांक यायचा आणि दोन दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज. खड्डा जागेवरच.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. निवडून आलेले नव्हे, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणाले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पण आज ही गोष्ट आपल्याला सांगता येते, कारण विरोध करायला तेव्हा एक सभागृह तरी होतं. प्रशासकाच्या दालनात उलट मत नोंदवायचं कुणी आणि कुठे?

लोकसभेला मी मत कसं देतो हेही विचारलं जातं. तिथे माझा निकष साधा आहे. कुणाच्याही हाती बेलगाम सत्ता जाऊ नये. १९८४ ला काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या आणि दोन वर्षांत त्याच संसदेनं घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणारा शाहबानोचा निकाल कायदा करून निष्प्रभ केला. हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळातली माणसं त्या वेळी रस्त्यावर होती, पण एवढ्या बहुमतापुढे त्यांचं कोण ऐकणार? २०१९ ला भाजपला ३०३ मिळाल्या, आणि २०२० मध्ये राज्यसभेत शेतीचे कायदे आवाजी मतदानानं रेटून नेले गेले. पुढच्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले. २०२४ ला २४० वर काटा थांबला तेव्हा मला बरं वाटलं. मित्रांनी याला पराभूतांचं समाधान म्हटलं. म्हणोत. मित्रपक्षाला विचारल्याशिवाय पान हलत नाही असं सरकार मला सुरक्षित वाटतं, मग ते कुणाचंही असो.

एक मत म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांना मी वायव्य मुंबई दाखवतो. २०२४ ला तिथला निकाल ४८ मतांनी लागला. लाखो मतदारांच्या मतदारसंघात एका चाळीतल्या बिऱ्हाडांनी फरक पाडला असता. आणि चांगला माणूस निवडून येत नाही म्हणणाऱ्यांना मी कोकणातलं राजापूर सांगतो. त्या मतदारसंघानं नाथ पैंना पाठवलं, मग १९७१ ते १९८९ लागोपाठ पाच वेळा मधु दंडवतेंना. तो मतदारसंघ काही श्रीमंत नव्हता. निम्मी माणसं मुंबईला गिरणीत आणि उरलेली मनिऑर्डरची वाट बघणारी. ती काय बघून मत देत होती, याचा अभ्यास आपण कमी केला आणि दंडवत्यांचे गोडवे जास्त गायले.

२०२४ च्याच विधानसभेबद्दल एकच बोलतो, कारण तिथे माझ्याच कंपूशी माझं भांडण झालं. निकालानंतर ‘पंधराशे रुपयांत विकल्या गेल्या’ असं वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं ते सगळे पुरोगामी. लाडकी बहीण योजना निवडणुकीच्या तोंडावर आणली, हे उघड आहे, आणि तिजोरीचा विचार कुणी केला नाही हेही. पण तिकडून २१०० चं आश्वासन आलं तर इकडून ३००० चं. मग तुमची बाई स्वाभिमानी आणि त्यांची विकाऊ कशी? उद्योगांना करसवलत मिळते तेव्हा आपण त्याला प्रोत्साहन म्हणतो. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं रद्द केले, तोवर कोणी कुणाला किती कोटी दिले हे मतदाराला माहीतही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावानं पैसे आलेल्या बाईवर तोंडसुख घेणं सोपं आहे.

पक्षांतराबद्दल फार बोलत नाही, तुम्ही सगळं पाहिलंय. गोव्यात २०२२ ला काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात नेऊन शपथ घातली. सप्टेंबरात अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. देवांचाही इलाज चालला नाही तिथे पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची काय करणार.

पुन्हा आपल्या प्रभागाकडे. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, आणि आता परत चार. दर निवडणुकीला नियम बदलतो, आणि बदलणारा स्वतःच मैदानात उतरणार असतो. एका प्रभागात लोकवस्ती ऐंशी हजारांच्या पुढे. अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. चारही दिल्याशिवाय यंत्र मत नोंदवून घेत नाही. रांगेतली आजी पहिल्यांदा एक बटण दाबून निघाली की केंद्रावरचे ‘अहो आजी, अजून तीन’ म्हणून मागे बोलावतात. मग ती काय करते? पहिलं जे चिन्ह दाबलं तेच खाली तीनदा दाबते. तिचं काही चुकलं नाही. चौदा-पंधरा नावं चार रकान्यांत शोधायला तिथे वेळ नसतो. पण यामुळे काय होतं, की गल्लीत वर्षानुवर्षं काम केलेल्या अपक्षाला ऐंशी हजार लोकांपर्यंत पोचणं परवडत नाही आणि पक्षाच्या पॅनेलमध्ये बसलेला चौथा, ज्याला कुणी ओळखत नाही, तो वाहत्या गंगेत हात धुऊन निवडून येतो. आणि या यंत्रांना मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट नव्हतं. बहुसदस्य प्रभागात ते बसवता येत नाही, असं कारण दिलं गेलं. मग अडचण व्हीव्हीपॅटची की बहुसदस्य प्रभागाची? शाईच्या मार्करपेक्षा या प्रश्नावर आरडाओरडा व्हायला हवा होता.

या वेळी बिनविरोध निवडीही खूप गाजल्या. गावाकडे हा प्रकार जुना. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेली, पैसा देवळाला जाणार होता. गाव एकोप्यानं ठरवतं, असं याचं समर्थन होतं. मला त्या एकोप्याची भीती वाटते. ‘नोटा’चं बटण असताना एकच उमेदवार उरला म्हणून मतदानच घ्यायचं नाही, हे मला पटत नाही. २०१८ मध्ये आपल्याच राज्य निवडणूक आयोगानं ठरवलं की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. मग बिनविरोधवाल्याला एकदा नोटासमोर उभं करून बघायला हरकत काय?

आता शेवटचं, आणि हे काम आहे. खेड्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या कशा होतात ते सोडा, पण गावकऱ्याला उभं राहून सरपंचाला विचारता येतं. शहरासाठी २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. नगरसेवकानं मतदारांना बोलावून, समोर बसवून त्यांचं ऐकायचं. अशी सभा कुठे भरल्याचं फारसं ऐकिवात नाही. नवे नगरसेवक आलेत, त्यांना अजून सवयी लागलेल्या नाहीत, तोवर हे मागून घेतलं पाहिजे. मी पत्र तयार केलंय. ते आमच्या प्रभागातल्या चौघांच्या नावे एकत्रच जाणार आहे. वेगवेगळं पाठवलं तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवेल. पत्राचे कागद दारापाशी टेबलावर ठेवलेत, तुमच्या प्रभागाची नावं त्यात घालून घ्या. प्रशासक बरा होता असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांनी सही नाही केली तरी चालेल, पण प्रश्नोत्तराला मात्र थांबा.