प्रशिक्षकाचं लाल कार्ड आणि पंचांचा अहवाल

श्रोतेहो, नमस्कार.

२१ जून २०२३. बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ फुटबॉल स्पर्धेत भारत विरुद्ध पाकिस्तान. मध्यंतर तोंडावर आलं होतं. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला निघाला आणि भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. बाचाबाची झाली, पंचांनी स्टिमॅच यांना थेट लाल कार्ड दाखवलं. सामना भारताने ४-० असा जिंकला. तरीही अनेकांना वाटलं, एवढ्याशा गोष्टीला लाल कार्ड?

नियमाने तेच बसतं. २०१९ पासून डगआउटमधल्या, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावरच्या प्रशिक्षक वगैरे मंडळींनाही कार्ड दाखवतात आणि कशाला कुठलं, हे फुटबॉलच्या बाराव्या नियमात लिहिलेलं आहे. आपल्याच संघाचा खेळ सुरू व्हायला प्रशिक्षकाने उशीर लावला, तर पिवळं. प्रतिस्पर्ध्याचा थ्रो-इन किंवा फ्री किक अडवली, चेंडू धरून ठेवला, लाथेने दूर घालवला, तर थेट लाल. आधी पिवळं दाखवायची गरज नाही. वेळ वाया घालवल्याबद्दल खेळाडूला पिवळं मिळतं, म्हणून प्रशिक्षकालाही तेवढंच, हा गैरसमज अजून पुष्कळ आहे.

बाकीच्या रेषाही अशाच बारीक आहेत. पाण्याची बाटली रागाने आपटली तर पिवळं, तीच मुद्दाम मैदानात भिरकावली तर लाल. उपरोधाने टाळ्या वाजवणं, सारखं कार्ड मागणं याला पिवळं. शिवीगाळ केली की लाल. निर्णयाबद्दल थोडं कुरकुरणं किंवा एखाद्या वेळी टेक्निकल एरियाच्या, म्हणजे बाकाभोवतीच्या ठरवून दिलेल्या चौकटीच्या, बाहेर पाऊल पडणं, याला तोंडी ताकीद पुरते. पण निषेध करायला मुद्दाम त्या चौकटीबाहेर आलं, तर लाल.

ही चौकट बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि पुढे टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांबीकडच्या रेषेच्या, एक मीटर अलीकडपर्यंत असते. स्थानिक स्पर्धांत ती आखलेलीच नसेल, तर प्रशिक्षक बाहेर आला हे पंच कशावर ठरवणार? चुन्याच्या चार रेघा सामन्याआधी मारल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात.

आणखी एक अडचण चौथ्या पंचांची, म्हणजे बाकांजवळ उभं राहून तिथे लक्ष ठेवणाऱ्या पंचांची. पाठीमागून शिवी ऐकू येते, वळेपर्यंत सगळे गप्प. दोषी ओळखता आला नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला. अन्याय वाटेल, पण माझ्या मते हे सगळ्यांत उपयोगी कलम आहे. बाकावरच्या तोंडाळ सहकाऱ्याला आवरायचं काम मग प्रशिक्षक स्वतःच करतो.

आता कार्डानंतरचा कागद. पुढची शिक्षा शिस्तपालन समिती ठरवते आणि तिच्यापुढे आधी येतो तो पंचांचा अहवाल. फिफाच्या शिस्तसंहितेनुसार त्यातला मजकूर खरा धरला जातो, तो चुकीचा असल्याचा पुरावा देता येतो. पण मजकूर तर हवा! 'प्रशिक्षकांनी गैरवर्तन केले' एवढ्या एका ओळीवर समिती काय ठरवणार? मिनिट लिहा. नाव आणि पद लिहा. तो कुठे उभा होता, कोणाला उद्देशून बोलला, हात लावला का, बाहेर जायला किती वेळ घेतला, ते लिहा. शिवी दिली असेल तर ज्या भाषेत दिली त्याच शब्दांत लिहा, संकोच करू नका. आणि चौथ्या पंचांनी स्वतः पाहिलं-ऐकलं तेच लिहावं. मुख्य पंचांच्या अहवालाची नक्कल सुनावणीत उघडी पडते.

शिक्षेचेही प्रकार आहेत. मार्च २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचे प्रशिक्षक अ‍ॅलन पार्ड्यू यांनी हल सिटीचा खेळाडू डेव्हिड मायलर याला डोक्याने ढुसणी दिली. सात सामने बंदी आणि साठ हजार पौंड दंड झाला. त्यांतल्या पहिल्या तीन सामन्यांना स्टेडियममध्येच पाऊल ठेवायचं नव्हतं, उरलेल्या चार सामन्यांत फक्त टचलाइनजवळ उभं राहायला बंदी होती. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये केरला ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी बंगळूरविरुद्ध छेत्रीच्या गोलवरून संघच मैदानाबाहेर नेला. त्यांना दहा सामने बंदी आणि पाच लाख दंड, क्लबला चार कोटी. जाहीर माफी मागितली नाही तर दंड अनुक्रमे दहा लाख आणि सहा कोटी, अशी अटही होती.

बंदी पाळली जाते का, हे आयोजकांनी बघायचं. फिफाच्या नियमांत बंदी भोगणारा प्रशिक्षक प्रेक्षकांत बसू शकतो. ड्रेसिंग रूम, तिथून मैदानात यायचा बोगदा, टेक्निकल एरिया बंद, संघाशी संपर्कही बंद. म्हणजे मोबाईलवरून सूचना नाहीत, मध्यंतराला चिठ्ठीही नाही. सॅफमध्येच कुवेतविरुद्ध स्टिमॅच यांना पुन्हा लाल कार्ड मिळालं, दोन सामन्यांची बंदी आली आणि उपांत्य व अंतिम सामन्यात बाकावरची सूत्रं गोव्याच्या महेश गवळी यांनी सांभाळली. दोन्ही सामने भारताने पेनल्टीवर जिंकले. लाल कार्डाच्या दिवशी ऐनवेळी सूत्रं कोणाकडे जाणार, हे प्रत्येक संघाने आधीच ठरवलेलं बरं.

लहान संघांनी एक अपवाद लक्षात ठेवावा. लाल कार्ड डॉक्टर किंवा फिजिओला मिळालं आणि संघाकडे दुसरा वैद्यकीय माणूस नसेल, तर तो थांबू शकतो आणि खेळाडू जखमी झाला तर उपचारही करू शकतो. कार्ड रद्द होत नाही, अहवालात त्याची नोंद होतेच.