तेवढी फाइल देता का?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहा आणि नुसतं ऐका. "ए मामा, पाणी आण." "मामा, ही फाइल साहेबांकडे टाक." मामा म्हणजे शिपाई. वय पंचावन्न, घरी नातवंडं. हाक मारणारा सव्वीसचा, स्पर्धा परीक्षा देऊन नुकताच लागलेला. तुम्ही म्हणाल, सख्ख्या मामालाही आम्ही अरे-तुरेच करतो. करता ना, पण त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेले असता!

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारचा आठवडा पाच दिवसांचा झाला. तेव्हा कर्मचाऱ्यांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली, शिपायांची साडेनऊ ते साडेसहा. म्हणजे हे मामा सगळ्यांच्या आधी येणार आणि सगळ्यांच्या नंतर जाणार.

मी तीस वर्षं कारकुनी केली, बरीचशी आवक-जावकच्या टेबलावर. मीही 'आण' आणि 'टाक'वालाच. मग आमच्याकडे एक अधिकारी बाई बदलून आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मामा, तेवढी कालची फाइल देता का?" मामांनी फाइलीची सुटलेली नाडी आधी नीट बांधली, मगच ती त्यांच्यापुढे ठेवली. माझ्या टेबलावर फाइली पडायच्या. धप्पकन.

बाईंच्या वाक्यात 'प्लीज' नव्हतं, 'कृपया'ही नव्हतं. 'कृपया' आपल्याकडे पाटीवर राहतो, 'थुंकू नये'च्या शेजारी. बोलताना मराठीतली अदब असते क्रियापदाच्या शेपटीत. दे, द्या, देता का, द्याल का. आणि त्या 'तेवढी'मध्ये. 'तेवढी' म्हटलं की काम आपोआप लहान होतं आणि करणारा मोठा. उलट "प्लीज फाइल दे" म्हणून बघा. हुकूम तो हुकूमच, वर नुसती खडीसाखर.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत वेगळीच पंचाईत. इंग्रजीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, 'यू' सगळ्यांना एकच, प्रश्न मिटला. पण कँटीनच्या रांगेत मराठी सुरू झाली की पन्नाशीच्या मॅनेजरला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? माझा भाचा "उद्या सुट्टी मिळेल का?" असं कुणाचंच नाव न घेणारं वाक्य टाकून सुटतो. हुशार आहे.

फोनवर कसं बोलावं, हे तर सरकारलाच सांगावं लागलं. जुलै 2021 मध्ये सामान्य प्रशासन विभागाने आदेश काढला: कार्यालयात शक्यतो दूरध्वनीच वापरा, मोबाइलवर हळू आवाजात बोला, बैठकीत तो सायलेंटवर ठेवा. त्याआधी डिसेंबर 2020 मध्ये जीन्स आणि टी-शर्टवर बंदी आली होती. जीन्सचं मला फारसं काही वाटत नाही. पण समोर सातबाऱ्यासाठी लांबून आलेला माणूस उभा आणि आपण मोबाइलच्या स्पीकरवर मेहुण्याशी बोलतोय, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर, बाईंचं ऐकून मीही एकदा धीर केला. घसा खाकरून म्हणालो, "मामा, तेवढं पाणी देता का?"

मामा थबकले. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "भाऊसाहेब, बरं वाटत नाही का?"