ब्रश दातासाठी घ्यायचा नसतो

मंडळी, व्याख्यानमालेच्या पत्रिकेत काल ‘भारताचं परराष्ट्र धोरण’ होतं आणि आज ‘योग्य टूथब्रश कसा निवडावा’. परराष्ट्र झालं, आता जरा तोंडात बघू, असं संयोजकांना वाटलं असावं. (हशा) हसलात ते बरं झालं, पहिल्या तीन रांगा तपासून झाल्या माझ्या.

मला एकच सांगायचंय. ब्रश दातासाठी नाही, हिरडीच्या कडेसाठी निवडायचा. दातावरचं इनॅमल शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, त्याला तुमच्या ब्रशची फिकीर नाही. प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठतो तो हिरडी दाताला टेकते तिथे. आणि हिरडी सरकली की खालचं मूळ उघडं पडतं. त्याला इनॅमल नसतंच.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले. म्हणाले, “तंबाखू नाही, सुपारी नाही, दोन्ही वेळा दहा दहा मिनिटं घासतो, तरी गार पाणी लागलं की मस्तकात कळ जाते.” तोंड उघडलं तर डावीकडचा सुळा आणि त्यामागच्या दोन्ही उपदाढा हिरडीलगत खाचलेल्या, इंग्रजी व्ही काढावा तशा. उजवीकडे फारसं काही नाही. म्हटलं, “गुरुजी, उजव्या हातानं घासता आणि सुरुवात डावीकडून करता ना?” चकितच झाले. त्यात ज्योतिष नाही हो, उजव्या हाताच्या माणसाचा ताजा जोर बहुतेक वेळा डाव्या सुळ्यावरच पडतो. दुसऱ्या दिवशी ब्रश मागवून घेतला. हार्ड, आणि केस दोन्हीकडे आडवे झालेले. “महिन्यात एक संपवतो,” हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. मागून बाई म्हणाल्या, “अहो डॉक्टर, आवाज बाहेरच्या खोलीत येतो!”

(बाई स्वतः मिश्री लावायच्या. भाजलेली तंबाखू ती, दंतमंजन नव्हे. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल, बोलावलंत तर.)

गुरुजींचा दोष नाही. करपलेलं पातेलं घासावं तसे दात घासायचे, हे आपल्या हाडात बसलंय. राखुंडी, विटकरीची पूड, कोळसा, काय काय नाही फिरवलं आपण. पण प्लाक मऊ असतो, मऊ ब्रशनं पुसला जातो. तोच साचून कीटण झाला की कितीही कडक ब्रश आणा, निघत नाही, आमच्याकडेच यावं लागतं. मग कडक ब्रशला काम उरलं कुठलं?

गांधीजींनी लिहून ठेवलंय, जोहान्सबर्गला सकाळी दात घासायला त्यांना पंधरा मिनिटं लागत, समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक चिकटवलेले असत, आणि असे तेरा अध्याय पाठ झाले. त्यातली गीता घ्या, पंधरा मिनिटं घेऊ नका.

आता दुकानदार. कुठल्याही किराणा दुकानात सॉफ्ट मागा, “काका, तो लहान मुलांचा,” म्हणून मीडियम हातात देतो. खोक्यावर चमक, कोळसा, नागमोडी केस, सगळं ठळक. सॉफ्ट की हार्ड ते मात्र चष्मा काढून, परत लावून शोधायचं. 1938 साली नायलॉनचा ब्रश बाजारात येईपर्यंत डुकराचे केस असायचे, तेव्हा मऊ-कडक नशिबावर होतं. 1948 मध्ये चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांनी मापं मांडली, तंतू साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा, टोक गोल. गंमत म्हणजे बास दाताचे डॉक्टर नव्हतेच, फिजिशियन होते. हे आमच्या संघटनेत सांगितलं की…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. बरं.

तर मूळ विषय. सॉफ्ट घ्या, हिरड्या सरकल्या असतील तर एक्स्ट्रा सॉफ्ट. डोकं लहान, इंचभराचं, शेवटच्या दाढेच्या मागे वळलं पाहिजे. मोठ्या डोक्याचा ब्रश गालालाच घासतो. केस सपाट की नागमोडी, यावर पैसे घालवू नका. संधिवात असेल तर दांडा जाड घ्या. इलेक्ट्रिक ब्रश चांगला, हात थरथरणाऱ्यांना तर फारच, पण तो दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. साधा ब्रश पेनासारखा धरा, हिरडीकडे 45 अंश तिरका, जागच्या जागी हलवा, दोन मिनिटं, दोन वेळा. तीन-चार महिन्यांनी बदला. त्याआधीच केस फिसकटले तर जोर जास्त होतोय. टोपण लावून ठेवू नका, ओला राहतो, उभा वाळू द्या. दोन दातांमध्ये फट असेल तर तिथे हा ब्रश पोचत नाही, बाटली धुवायच्या ब्रशसारखा एक बारीक मिळतो, तो वापरा.

कवळीला वेगळा ब्रश, आणि पेस्ट नको, तिच्या खरखरीनं अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात. साधा साबण चालतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, पण कवळी काढून कोणी दाखवू नका, दवाखाना उद्या दहाला उघडतो.