संसाराचे कप्पे आणि बाण

(दृश्य: जुन्या मुंबईचे कृष्णधवल फोटो. त्यांवर हळूहळू एक आलेख उमटतो.)

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. मुंबई बेटावर प्लेगनं दर आठवड्याला किती जीव घेतले, त्याचा हा आलेख. १९२७ साली एडिंबरामधल्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी, साथ कशी पसरते याची आपली समीकरणं याच आकड्यांवर ताडून पाहिली. माणसांचे तीन कप्पे: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, बरे झालेले किंवा दगावलेले. कप्प्यांमध्ये बाण, आणि प्रत्येक बाणाला एक वेग: माणसं एका कप्प्यातून दुसऱ्यात किती झपाट्यानं जातात, तो.

(दृश्य: कप्प्यांवरची नावं बदलतात.)

हीच रीत आता संसारांनाही लावतात. नांदणारी जोडपी, धुसफुस चाललेली, घटस्फोट झालेली. समेटाचा उलटा बाणही काढावा लागतो. तो गाळला, तर एकदा बिनसलेलं जोडपं कागदावर पुन्हा कधीच नांदत नाही. सोशल मीडिया येतो तो धुसफुशीकडे जाणाऱ्या बाणाचा वेग वाढवत.

किती वाढवत? व्हॅलेन्झुएला, हाल्पर्न आणि कॅट्झ या संशोधकांनी अमेरिकेतल्या ४३ राज्यांची २००८ ते २०१० ची आकडेवारी तपासली. फेसबुकची खाती वर्षाला २० टक्क्यांनी वाढली, तर घटस्फोटाचं प्रमाण २.१८ ते ४.३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे जिथे शंभर घटस्फोट व्हायचे, तिथे दोन-चार जास्त. पण कारण फेसबुकच, असं यातून सिद्ध होत नाही, हे त्यांनीच सांगितलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं घटस्फोटाचं प्रमाण आणि अमेरिकेतला मार्गारिनचा, म्हणजे लोण्याऐवजी वापरतात त्या पदार्थाचा, दरडोई खप, दोन्ही २००० ते २००९ या काळात जोडीनं उतरत गेले. त्यात कुणी मार्गारिनला दोषी धरत नाही.

(दृश्य: अंधारी खोली. एका चेहऱ्यावर फोनचा उजेड.)

घरात अबोला आहे म्हणून ती फोनमध्ये रमते. ती फोनमध्ये असते म्हणून अबोला लांबतो. दोन्ही बाण खरे असू शकतात, एकमेकांना बळ देत. कुठला आधी सुटला, हे एकदाच केलेल्या पाहणीतून कळणार नाही. तीच जोडपी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटावी लागतील.

आणखी एक गोष्ट मला खटकते. प्लेगच्या मांडणीत शेवटच्या कप्प्यात मरणही होतं. इथे त्याच जागी, रोजच्या मारहाणीतून सुटलेली बाईही मोजली जाते. वकिलाचा नंबर तिला कदाचित फोनवरच मिळाला असेल. तिची सुटका आणि दुसऱ्या कुणाचा मोडलेला संसार, दोन्ही एकाच आकड्यात. तिच्यासाठी मला वेगळा कप्पा हवा आहे.