सँडलचा पट्टा

मघाशी ओळख करून देताना 'मुलांना वेळ कसा द्यावा यावर त्या बोलतील' असं सांगितलं गेलं, तेव्हा माझी थोडी पंचाईत झाली. वेळ देण्याबद्दल मला फारसं काही सांगायचं नाहीये. लहान मूल घरात असलं की वेळ जातोच. अंघोळ, कपडे, भरवणं, झोपवणं, सांडलेलं पुसणं, यात दिवस कधी मावळतो कळत नाही. पण हा सगळा वेळ आपण 'कामाचा' म्हणून सोडून देतो आणि मग सुट्टीच्या दिवशी दोन तास काढून नातं घट्ट करायला बसतो. मला त्या सोडून दिलेल्या वेळाबद्दल बोलायचंय.

माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. त्याच्या सँडलला वेल्क्रोचा पट्टा होता. सकाळी निघायची घाई, मी पट्टा लावला की हा ओढून काढायचा. चर्रर्र. पुन्हा लावला, पुन्हा चर्रर्र. तिसऱ्यांदा मी त्याचा हात बाजूला केला, पट्टा दाबून बसवला आणि त्याला तसाच उचलून जिना उतरले. तो रडत होता, मी धुमसत होते. आठवडाभर रोज हेच. मग एके दिवशी घाई नव्हती म्हणून मी नुसती बसून राहिले, तेव्हा कुठे लक्षात आलं की पट्टा ओढल्यावर तो सँडलकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. ऐकलंस ना? एवढंच त्याला विचारायचं होतं. मी 'चर्रर्र' म्हटलं. तो इतका हसला की मागे कलंडला. असं चार-पाचदा झालं आणि मग त्यानं आपणहून पाय पुढे केला.

मी ज्याला हट्ट समजत होते ते आमंत्रण होतं. मुलं हे फार लवकर करू लागतात. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवर घेऊन पाजणाऱ्याचा चेहरा जितक्या अंतरावर असतो तितकंच. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास ते वस्तूकडे बघतं, मग आपल्याकडे, मग पुन्हा वस्तूकडे. वर्षाचं होता होता बोट दाखवतं. त्याला ती वस्तू हवीच असते असं नाही, 'तूही बघ' एवढंच म्हणायचं असतं. आपण मात्र धावत जाऊन ती वस्तू हातात आणून देतो आणि मोकळे होतो!

१९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. आईनं बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, रडकुंडीला येतं. आता तुम्हाला वाटेल, मी मोबाईलवर घसरणार. नाही घसरत. माझाही आत्ता पर्समध्ये थरथरतोय.

या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. आई पुन्हा बोलू लागते, बाळ जरा कुरकुरतं, रुसतं आणि हळूहळू परत खेळात येतं. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणानुसार, चांगलं नातं असलेल्या आई-बाळाचेही सूर एकूण वेळाच्या जेमतेम ३० टक्के जुळलेले असतात. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवाजुळव. हे वाचलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं. आपण ओरडतो, आपलं लक्ष नसतं, हे होणारच. पण नंतर जवळ जाऊन 'मघाशी मी ओरडले, घाबरलास ना?' असं विचारायला आपल्याला फार जड जातं. मोठ्या माणसाची माफी मागणं त्यापेक्षा सोपं.

आणि कृपा करून सारखं मुलाच्या मागे राहू नका. ते मुंगी बघण्यात रंगलं असेल तर 'ही बघ मुंगी' म्हणायची काही गरज नाही.

एका बाबांनी चिठ्ठी पाठवली आहे: 'मी दिवसभर बाहेर असतो, काय करू?' मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रसिद्ध प्रयोगात आई थोडा वेळ मुलाला सोडून खोलीबाहेर जाते. ती गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, याकडे संशोधकांचं जास्त लक्ष असतं. तेव्हा, दादा, जाताना नजर चुकवून सटकू नका, सांगून जा. रडलं तर रडू दे. आणि आल्यावर बॅग ठेवायच्या आधी दोन मिनिटं खाली बसा. कपडे नंतर बदलता येतात.

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. खोलीचं दार बंद असतं, 'काय चाललंय' विचारलं की 'काही नाही'. पण रात्री मी ओटा पुसत असले की कधीकधी येतो, इयरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसतो आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. गाणं मला बहुतेक वेळा कळत नाही. फडकं मात्र मी खाली ठेवते.