न मिळालेल्या घरांचे कागद

(दृश्य: सदाशिव पेठ, पुणे. झेरॉक्सचं दुकान, शटर नुकतंच वर गेलेलं.)

सकाळचे साडेनऊ. मशीन तापायच्या आधीच काउंटरपाशी सात-आठ जण उभे. त्यांच्या हातांत काय आहे बघा. आधार, पॅन, कॉलेजचं ओळखपत्र, वडिलांची सॅलरी स्लिप. बरीच मुलं स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गाव सोडून आलेली. सगळ्यांना खोली हवी आहे.

(क्लोजअप: काच, सरकणारा उजेड.)

कार्ड काचेवर पालथं पडतं. पहिली प्रत वाकडी येते. काका ती खालच्या खोक्यात टाकतात आणि दुसरी काढतात. खोकं पाठकोऱ्या कागदांचं. संध्याकाळी याच कागदांच्या मागच्या बाजूला दुकानाचा हिशेब होतो.

(दृश्य: जिना चढणारी मुलगी, पाठीला सॅक.)

ही लातूरहून आली. गेल्या वर्षी तिनं सहा घरं पाहिली. प्रत्येक वेळी फोनवर एकच वाक्य: "ताई, आधार-पॅन टाकून ठेवा, मालकांना पाठवतो, मग घर दाखवतो." तिनं सहाही ठिकाणी कागद पाठवले. एक घर मिळालं. उरलेल्या पाच ठिकाणचे कागद कुठे आहेत, हे तिला माहीत नाही. ही फिल्म आम्ही त्या पाच ठिकाणांसाठी केली.

(दृश्य: एजंटचा मोबाइल. नावं आणि क्रमांक पुसट केले आहेत.)

या एजंटनं स्वतःहून मोबाइल पुढे केला. गॅलरीत देवदर्शनाचे फोटो, पोरीचा वाढदिवस आणि त्यांच्या मधेमधे अनोळखी माणसांची आधार कार्डं. बोट वर सरकत राहतं, कार्डं संपत नाहीत. माणूस सरळ आहे. घर दुसऱ्याला गेलं की आधीच्याचे कागद पुसून टाकायचे, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मालकाची काळजीही खरी आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली नाही तर गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. पण ती माहिती द्यायची असते राहायला येणाऱ्याची. नुसतं घर बघून गेलेल्याची नव्हे.

(दृश्य: करार नोंदवणारा माणूस, टेबलावर लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र.)

इथे जरा थांबून बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. ऑनलाइन नोंदणीत दोघांचे अंगठे घेतात, वेबकॅमवर फोटो काढतात, ओळख आधारशी पडताळून पाहतात. म्हणजे समोरचा माणूस तोच आहे का, याची पक्की तपासणी इथे, या टेबलावर होते. मग घर दाखवायच्या आधी व्हॉट्सॲपवर मागवलेल्या त्या फोटोनं काय तपासलं जातं? आम्ही चार एजंटांना विचारलं. "पद्धत आहे," एवढंच उत्तर मिळालं.

(दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. आधारची वेबसाइट.)

मास्क्ड आधार. पहिले आठ अंक झाकलेले, शेवटचे चार दिसतात. फुकट डाउनलोड होतं, दोन मिनिटांचं काम. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढून हेच वापरा म्हणून सांगितलं होतं. चुकीचा अर्थ निघेल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. सोय मात्र तशीच चालू आहे. आम्ही विचारलेल्या चारपैकी तिघा एजंटांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं.

अशा भटक्या प्रतींवर परक्याच्या नावानं सिम निघतं, कर्जही उचललं जातं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे.

(दृश्य: पुन्हा झेरॉक्सचं दुकान. तीच मुलगी, सोबत धाकटी बहीण.)

यंदा खोली बहिणीसाठी हवी आहे. एजंटला ताईनं फोनवरच सांगितलं, "दादा, आधी खोली दाखवा. पसंत पडली की टोकन देताना कागद देते." तो जरा कुरकुरला. खोली दाखवली.

(क्लोजअप: कागदावर चालणारं पेन.)

मास्क्ड आधारच्या प्रिंटवर ती तिरपं लिहिते: 'फक्त भाडेकरारासाठी'. खाली मालकाचं नाव, तारीख. सही अशी, की तिची रेघ थेट फोटोवरून जाते. बहीण बघत उभी आहे.

काका पॅनची प्रत काढून देतात. ती पैसे देते, वळते आणि पुन्हा मागे येते.

"काका, ती वाकडी आलेली पण द्या."

काका खोक्यात हात घालतात.